पोर्टापलीकडचे शेजारी: ऐकायचं कुणाचं, सांगायचं कुणाला

स्विचवर शेजाऱ्यांची यादी मागवली आणि प्रत्येक पोर्टापुढे एकच नाव आलं, की नेटवर्क सांभाळणारा माणूस समाधानानं मान डोलावतो. केबलला पलीकडे टोक एकच, तेव्हा शेजारीही एकच असणार. पण कधी त्याच यादीत एका पोर्टापुढे डझनभर नावं येतात. कधी एकही येत नाही, आणि पोर्टाचा दिवा मात्र व्यवस्थित लुकलुकत असतो. मग सुरू होतं ते केबल ओढून बघणं, लेबल वाचणं आणि शेवटी पलीकडच्या यंत्राच्या कंपनीवर खापर फोडणं. बहुतेक वेळा यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं. मधे कुठे तरी एक फिल्टर लागलेला असतो, किंवा लागायला हवा होता तो लागलेला नसतो.

फिल्टर या एका नावाखाली चार निराळी कामं चालतात. मधल्या यंत्रानं फ्रेम पुढे जाऊ न देणं, हे एक. आपण स्वतः ती न पाठवणं, हे दुसरं. आलेली फ्रेम उघडण्याआधीच टाकून देणं, हे तिसरं. आणि फ्रेम उघडून, वाचून, लक्षात ठेवून फक्त यादीत न दाखवणं, हे चौथं. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत हे चारही प्रकार सर्रास एकाच शब्दाखाली वावरतात. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातला फरक न कळल्यामुळे जेवढा घोळ होतो, तेवढा बाकी कशानंच होत नाही.

सिस्कोचा सीडीपी १९९४ सालचा. दर ६० सेकंदांना यंत्र आपलं नाव, पोर्ट आणि प्रकार सांगणार, आणि ऐकणारा ते १८० सेकंद धरून ठेवणार. यंत्र कशाला लागलं आहे हे बसल्या जागी कळू लागलं. इतर कंपन्यांचेही आपापले प्रोटोकॉल होते: एक्स्ट्रीमचा ईडीपी, फाउंड्रीचा एफडीपी, नॉर्टेलचा आणखी एक. प्रत्येक जण आपल्याच भावकीत बोलणारा. ही भाऊबंदकी मिटवायला आयईईईनं २००५ मध्ये ८०२.१एबी हे मानक मंजूर केलं आणि एलएलडीपी आला. त्याचा ठरलेला वेग दर ३० सेकंदांचा आणि माहितीचं आयुष्य त्याच्या चौपट, म्हणजे १२० सेकंद. फ्रेममधला प्रत्येक मजकूर टीएलव्ही नावाच्या तुकड्यांत येतो. यंत्राची ओळख, पोर्टाची ओळख आणि आयुष्याची मुदत हे तीन तुकडे सक्तीचे, बाकीचे ऐच्छिक. टेलिफोनसाठीची एलएलडीपी-मेड ही पुरवणी पाठोपाठ आली. डेस्कवरचा आयपी फोन आपल्या व्हॉइस व्हीलॅनचा क्रमांक आज बहुधा तिच्यातून उचलतो.

एलएलडीपीच्या रचनेतच एक फिल्टर बसवलेला आहे, आणि तो आहे पत्त्यात. त्याची फ्रेम ०१-८०-सी२-००-००-०ई या मल्टिकास्ट पत्त्यावर जाते. शेवटचे दोन आकडे ०० ते ०एफ असलेले हे सोळा पत्ते ब्रिजांसाठी राखीव आहेत, आणि मानक पाळणारा स्विच ते पुढे पाठवत नाही. फ्रेम पहिल्याच स्विचपाशी थांबते, म्हणून ‘शेजारी’ खरोखर शेजारी असतो. सीडीपीचा पत्ता मात्र ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी असा आहे, राखीव यादीच्या बाहेरचा. सिस्कोच्या स्विचला तो ओळखीचा आहे. सीडीपी न ओळखणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या स्विचला तो साधा मल्टिकास्ट वाटतो आणि तो फ्रेम सगळ्या पोर्टांवर उधळून देतो. एका पोर्टापुढे डझनभर शेजारी दिसतात त्याचं गूढ बहुधा एवढंच असतं. स्वस्तातले बिनव्यवस्थापनाचे स्विच तर कधी कधी एलएलडीपीची फ्रेमही पुढे ढकलतात, तेव्हा मानकावर पूर्ण भरवसा ठेवूनही भागत नाही.

२००९ च्या सुधारित मानकानं या पत्त्याच्या फिल्टरला तीन पायऱ्या दिल्या. ०ई हा सगळ्यात जवळच्या यंत्रासाठी. ०३ वर पाठवलेली फ्रेम दोनच पोर्टांच्या साध्या रिलेमधून, उदाहरणार्थ काही मीडिया कन्व्हर्टरांतून, पलीकडे जाते. ०० वरची फ्रेम सेवापुरवठादाराचं अख्खं जाळं ओलांडून ग्राहकाच्या दुसऱ्या शाखेतल्या स्विचपर्यंत पोचू शकते. पुण्यातलं कार्यालय आणि नाशिकचा कारखाना भाड्याच्या इथरनेट लाइननं जोडलेले असतील आणि दोन्ही टोकांना एकमेकांची ओळख हवी असेल, तर हा पत्ता कामाचा. प्रत्यक्षात ही सोय क्वचितच कुणी वापरतं. पुरवठादाराला सांगून प्रोटोकॉलचं टनेलिंग मात्र मागून घेतात, आणि ते एकाच टोकाला चालू राहिलं की महिनाभर तक्रारी करत बसतात.

मधल्या यंत्राच्या फिल्टरचा सगळ्यात जास्त त्रास व्हर्च्युअल मशीनवाल्यांना होतो. लिनक्सचा ब्रिज राखीव पत्त्यांचा नियम इमानेइतबारे पाळतो. त्यामुळे केव्हीएमवर चालणाऱ्या पाहुण्या मशीनला खालचा खराखुरा स्विच कधीच दिसत नाही. दिसायला हवा असेल तर ब्रिजच्या ग्रुप फॉरवर्ड मास्क या सेटिंगमध्ये १६३८४ हा आकडा लिहावा लागतो. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. पत्त्याचा शेवटचा अंक ०ई म्हणजे चौदा, आणि दोनाचा चौदावा घात म्हणजे १६३८४. हे एकदा कळलं की बाकीचे पत्तेही जमतात. स्पॅनिंग ट्री, पॉज आणि एलएसीपी यांच्या फ्रेम मात्र कर्नल या मास्कमधून सोडू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

याहून छुपा फिल्टर नेटवर्क कार्डाच्या पोटात असतो. इंटेलच्या एक्स७१० घराण्यातल्या कार्डांच्या फर्मवेअरमध्ये एलएलडीपीचा स्वतःचा एजंट आहे. डेटा सेंटर ब्रिजिंगची बोलणी करायला तो ठेवलेला आहे, आणि आलेली फ्रेम तो स्वतःच गिळतो. ऑपरेटिंग सिस्टिमला काहीच पोचत नाही. पाठवलेली फ्रेम स्विचवर दिसते, पण सर्व्हरवर शेजाऱ्यांची यादी रिकामी, टीसीपीडंपमध्येही शुकशुकाट. अशा वेळी सर्व्हरवाले स्विचवाल्यांना दोष देतात आणि स्विचवाले सर्व्हरवाल्यांना. इलाज एका ओळीचा आहे: ईथटूल वापरून कार्डाचा डिसेबल-एफडब्ल्यू-एलएलडीपी हा फ्लॅग चालू करायचा. फ्लॅगचं नाव उलट्या अर्थाचं आहे, म्हणून ‘चालू’ केल्यावर फर्मवेअरचा एजंट बंद होतो. जुन्या ड्रायव्हरांत ही सोय नव्हती, तिथे डीबग फाइलमध्ये आज्ञा लिहावी लागे. माझ्या मते हा सगळ्यांत वाईट प्रकारचा फिल्टर आहे. तो कुणी लावला नाही, कुठे लिहिलेला नाही, आणि यादी रिकामी आली तरी तिचं कारण दाखवत नाही.

लिनक्सच्या जगात या विषयावर सगळ्यात खोल विचार झाला तो एलएलडीपीडी या प्रोग्रॅममध्ये. व्हॅन्सां बेर्ना यांनी तो लिहिला आणि सांभाळला. एलएलडीपीबरोबर सीडीपी, ईडीपी, एफडीपी आणि नॉर्टेलचा प्रोटोकॉल असे सगळे त्याला कळतात, म्हणूनच गर्दीचा प्रश्न त्याच्यापुढे आधी आला. त्याच्या मॅन्युअलमधलं उदाहरण बोलकं आहे. एलएलडीपी बोलणारा नॉर्टेलचा स्विच सीडीपी बोलणाऱ्या सिस्को स्विचला जोडलेला आहे आणि तुमचा सर्व्हर सिस्कोला. सिस्को एलएलडीपीची फ्रेम पुढे ढकलतो, म्हणून सर्व्हरला दोघेही शेजारी म्हणून दिसतात. खरा कोण?

यावर एलएलडीपीडीनं निवडलेला नियम पहिल्यांदा वाचताना उलटा वाटतो: ज्या प्रोटोकॉलचे शेजारी सगळ्यात कमी, तो खरा. एका पोर्टावर बारा सीडीपीवाले आणि एक एलएलडीपीवाला दिसत असेल, तर पलीकडचं यंत्र एलएलडीपी बोलणारं आहे आणि ते सीडीपी गाळत नाही, असा अर्थ. विचार केला की पटतं. पलीकडचा स्विच ज्या प्रोटोकॉलला ओळखतो, तो त्याच्यापाशीच थांबतो, म्हणून त्याचा एकच आवाज येतो. ज्याला ओळखत नाही, तो मागच्या सगळ्या गल्लीतून वाहत येतो. गर्दी दिसते ती अज्ञानामुळे, आणि नेमका शेजारी सापडतो तो शांततेत. अनुभवी माणूस यादीकडे नुसती नजर टाकून हेच करतो, इथे ते यंत्राला शिकवलं आहे.

पण त्याची किंमत म्हणजे गुंतागुंत. हा नियम ० ते १९ अशा आकड्यांनी निवडायचा असतो. येणाऱ्या फ्रेम गाळायच्या का, एकच प्रोटोकॉल ठेवायचा का, एकच शेजारी ठेवायचा का, आणि हेच प्रश्न जाणाऱ्या फ्रेमबद्दलही, यांच्या उत्तरांच्या एकेका जुळणीचा तो क्रमांक आहे. मूळ आकडा १५. ऐकताना एकच प्रोटोकॉल धरायचा पण बोलताना एकाहून अधिक चालतील, असा त्याचा अर्थ. कारण व्यवहारी आहे. पलीकडचा स्विच दोन्ही प्रोटोकॉल बोलत असेल, तर माहिती उत्तम प्रोटोकॉलकडून घ्यावी, पण आपली ओळख दोन्हीत द्यावी, कारण कुणाची साधनं सीडीपीची यादी वाचतात आणि कुणाची एलएलडीपीची. ८ हा आकडा दिला तर एकच प्रोटोकॉल आणि एकच शेजारी उरतो, बोलण्यावर मात्र कसलंच बंधन राहत नाही.

इथे दोन गैरसमज पक्के रुजलेले दिसतात. पहिला असा की १५ म्हणजे ‘एकच शेजारी’. तसं नाही. एकाच प्रोटोकॉलचे दोन शेजारी असतील तर १५ दोघांनाही दाखवतो. शिवाय एलएलडीपीखेरीज बाकीचे प्रोटोकॉल मुळात बंद असतात, ते वेगळी खूण देऊन चालू करावे लागतात. नुसत्या एलएलडीपीवर चालणाऱ्या सर्व्हरवर प्रोटोकॉल निवडायचा प्रश्नच येत नाही, तेव्हा या फिल्टरला फारसं काम नसतं. दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: एक शेजारी ठेवा म्हटलं की तो खराच ठेवला जाईल. बरोबरी झाली की निवड कशीही होते, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्या कपाटाच्या नकाशावरून उद्या कुणी केबल उपटणार आहे, त्या नकाशासाठी ८ वापरणं म्हणजे नशिबाच्या हवाली होणं.

या फिल्टरची जमेची बाजू म्हणजे तो प्रामाणिक आहे. लपवलेले शेजारी कायमचे जात नाहीत. एलएलडीपीडीच्या एलएलडीपीसीएलआय या साधनात शेजारी दाखवण्याच्या आज्ञेला ‘हिडन’ जोडलं की तेही पडद्याबाहेर येतात. पण ज्या देखरेख प्रणाल्या नेहमीची यादीच उचलतात, त्यांना यातलं काही कळत नाही. त्यांच्या लेखी लपवलेला शेजारी म्हणजे नसलेला शेजारी.

आता सुरक्षेकडे. लपवणं आणि टाळणं यांतला फरक इथे जिवावर बेततो. कमी शेजाऱ्यांचा प्रोटोकॉल निवडायचा तर आधी सगळ्यांची फ्रेम उघडून मोजायला हवी. म्हणजे यादीत न दिसणारी प्रत्येक फ्रेम आधीच वाचली गेलेली आहे. तिच्यात कुणी मुद्दाम बिघडवलेला टीएलव्ही पाठवला असेल, तर वाचण्याच्या क्षणीच नुकसान होतं. ही काल्पनिक भीती नाही. २०२० च्या फेब्रुवारीत आर्मिस या कंपनीनं सिस्कोच्या सीडीपी अंमलबजावणीतल्या पाच त्रुटी ‘सीडीपीवन’ या नावानं जाहीर केल्या. त्यांपैकी चार अशा होत्या, की त्याच लेयर २ जाळ्यात बसलेला हल्लेखोर यंत्रावर आपला कोड चालवू शकत होता. राउटर, स्विच, फोन आणि कॅमेरे, सगळेच कक्षेत होते. एलएलडीपीडीच्याही ०.८.० आधीच्या आवृत्त्यांत व्यवस्थापन पत्ता वाचताना बफर ओलांडला जाण्याची त्रुटी होती. याच्याही आधी, २००१ मध्ये, सीडीपीच्या खोट्या शेजाऱ्यांचा पूर पाठवून राउटरची मेमरी संपवता येते हे दाखवलं गेलं होतं. म्हणून प्रत्येक पोर्टावर शेजाऱ्यांची कमाल संख्या ठरवून ठेवणं, एलएलडीपीडीत ती प्रत्येक प्रोटोकॉलमागे मुळात ३२ आहे, हा एक अतिशय साधा आणि तितकाच दुर्लक्षित फिल्टर आहे.

लिनक्सवर काही जण फायरवॉलच्या नियमानं एलएलडीपीची फ्रेम टाकतात आणि निर्धास्त होतात. एलएलडीपीडी कच्च्या पॅकेट सॉकेटवर ऐकतो, आणि हे सॉकेट फायरवॉलच्या आधी फ्रेम पाहतं. नियम लागू आहे, मोजणीचा आकडा वाढतो आहे, आणि शेजारी यादीत तसाच बसलेला आहे, असं दृश्य दिसतं. खरोखर न ऐकायचं असेल तर ते डिमनलाच सांगावं. एलएलडीपीडीत प्रत्येक पोर्टाला फक्त-ऐका, फक्त-बोला, दोन्ही किंवा बंद असं ठरवता येतं, आणि कोणते इंटरफेस धरायचे हे नमुन्यानं लिहिता येतं. उद्गारचिन्ह लावलेला इंटरफेस वगळला जातो, दुहेरी उद्गारचिन्ह लावलेला वगळलेल्यांतूनही परत घेतला जातो.

सिस्टिमडी-नेटवर्कडीनं वेगळा रस्ता धरला आहे. त्याची ऐकण्याची मूळ सेटिंग ‘राउटर्स-ओन्ली’ अशी आहे. शेजारी जी क्षमता जाहीर करतो तिच्यावरून तो फक्त राउटर-स्विच जातीची यंत्रं नोंदवतो, फोन आणि साधे संगणक सोडून देतो. बोलणं मुळात बंद. सर्व्हरसाठी हा समंजस पर्याय आहे, फक्त ती क्षमता पलीकडचा स्वतःच सांगतो हे विसरू नये. खोटं सांगणाऱ्याला या प्रोटोकॉलमध्ये पकडता येत नाही, कारण एलएलडीपीच्या फ्रेमवर सही-शिक्का काहीच नसतो.

मिक्रोटिकच्या राउटरवर शोध कुठे चालवायचा ते इंटरफेसची यादी निवडून ठरवायचं असतं. रचना चांगली, पण त्याचा स्वतःचा एमएनडीपी हा यूडीपीच्या ५६७८ पोर्टावर बोलतो आणि विनबॉक्स या त्याच्या व्यवस्थापन-साधनातली शेजाऱ्यांची यादी त्यावर उभी आहे. लहान इंटरनेट पुरवठादारांकडे ही यंत्रं भरपूर असतात, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या इंटरफेसवर शोध तसाच चालू राहिला तर आपलं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती आपण गावभर वाटतो. इथे झाकली मूठच बरी. व्हीएमवेअरच्या साध्या स्विचला फक्त सीडीपी येतो, एलएलडीपी हवा असेल तर डिस्ट्रिब्यूटेड स्विच लागतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर आयओएसमध्ये सीडीपी मुळात चालू आणि एलएलडीपी बंद असतो. यामुळे मिश्र जाळ्यात एक गंमत होते: सुरक्षा तपासणीवाले एलएलडीपी बंद असल्याची नोंद करून समाधानानं निघून जातात, आणि सीडीपी त्याहून जास्त माहिती सांगत बसलेला असतो. बंद करायचं तर पोर्टावर सीडीपी वेगळा बंद करावा लागतो, आणि एलएलडीपीचं पाठवणं आणि घेणं यांच्या दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. ही स्वतंत्रता वापरा. ग्राहकाच्या किंवा भाडेकरूच्या पोर्टावर पाठवणं बंद हवं याबद्दल दुमत नाही. घेणंही तिथे बंद असावं, कारण त्या बाजूनं येणाऱ्या फ्रेमवर तुमचा ताबा नाही. फोनचे पोर्ट मात्र दोन्ही बाजूंनी चालू लागतात, नाहीतर व्हॉइस व्हीलॅन पोचत नाही आणि सोमवारी सकाळी अख्खा मजला मुका होतो. तिथे बंद करण्यापेक्षा टीएलव्ही निवडावेत: व्हॉइस धोरण जाऊ द्या, यंत्राचं वर्णन आणि व्यवस्थापन पत्ता अडवा.

इंटरनेट एक्स्चेंजनं तर हा वाद कधीच मिटवला आहे. ॲमस्टरडॅमचं एएमएस-आयएक्स किंवा मुंबईतही एक्स्चेंज चालवणारं डीई-सीआयएक्स यांचा सदस्यांना नियम साफ आहे: सामाईक जाळ्यावर आयपीव्ही४, एआरपी आणि आयपीव्ही६ एवढ्याच जातीच्या फ्रेम चालतील. सीडीपी, एलएलडीपी, स्पॅनिंग ट्री यांना तिथे जागा नाही. शेकडो परक्या संस्था एकाच लेयर २ जाळ्यात असताना दुसरं धोरण परवडणारही नाही.

याच्या उलट टोकाला डेटा सेंटर. तिथे लीफ-स्पाइनची जोडणी तपासायला एलएलडीपीसारखं साधन नाही. क्युम्युलस लिनक्समधला पीटीएम ठरलेला नकाशा ग्राफव्हिझच्या फाइलमधून वाचतो आणि एलएलडीपीच्या यादीशी ताडून चुकीच्या जागी खोचलेली केबल दाखवतो. सिस्कोच्या एसीआयमध्ये तर नवा स्विच फॅब्रिकला सापडतोच मुळी एलएलडीपीमुळे. अशा ठिकाणी ‘सुरक्षेसाठी सगळीकडे बंद’ असं परिपत्रक काढणाऱ्यानं एकदा रात्री दोन वाजता ९६ केबल हातानं शोधून बघाव्यात.

यादी फार मोठी होते, नको ती यंत्रं देखरेखीत शिरतात, ही तक्रार खरी आहे. पण तिचा इलाज प्रोटोकॉलपाशी नाही, यादी वापरणाऱ्या साधनापाशी आहे. लिब्रेएनएमएस हे देखरेखीचं साधन शेजाऱ्यांच्या आधारे नवी यंत्रं आपोआप नोंदवतं, आणि कोणती नोंदवायची नाहीत हे यंत्राच्या नावावरून, वर्णनावरून किंवा सीडीपीच्या प्लॅटफॉर्मवरून नमुन्यानं सांगता येतं. आयपी फोन वगळायचे तर ते इथे वगळावेत. माहिती मुळापासून पूर्ण राहते आणि नियम बदलला तर मागचं पुन्हा मिळतं. उगमापाशी गाळलेलं परत येत नाही.

तेव्हा माझा कौल असा. बाहेरच्या पोर्टावर पाठवणं आणि घेणं दोन्ही बंद, कसलाही अपवाद न करता. फोनच्या पोर्टावर टीएलव्ही मोजून. स्वतःच्या दोन यंत्रांमधल्या पोर्टावर सगळं चालू, शेजाऱ्यांच्या संख्येला कमाल मर्यादा लावून, आणि लपवणारा फिल्टर शून्यावर. एका पोर्टावर दोन शेजारी दिसले तर त्यातला एक झाकू नका, दोन का दिसले ते शोधा, कारण मधे कुणी तरी न सांगता ठेवलेला स्विच बहुतेक वेळा तिथेच सापडतो. आणि तुमच्या सर्व्हरांवर एलएलडीपीडी चालत असेल, तर पुढच्या देखभालीच्या वेळी एकदा शेजाऱ्यांची यादी ‘हिडन’ लावून काढा आणि नेहमीच्या यादीशी ताडून पाहा. फरक निघाला, तर कपाटाचा नकाशा त्याच दिवशी दुरुस्त करा.